खेळ कोणाच्या मालकीचा? सर्क द्यु सोलेयची जडणघडण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची सतरा वर्षांची आहे, दोरीचा मल्लखांब करते, राज्य पातळीपर्यंत खेळली आहे आणि आता ‘सर्क द्यु सोलेय’मध्ये जायचं म्हणते. घरात सर्कशीतलं कुणी नाही. ही कंपनी मुळात आली कुठून, एवढी मोठी कशी झाली, आणि मध्यंतरी ती बुडाली असं कानावर आलं त्यात तथ्य किती?

आधी माझी ओळख देते, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलतेय ते कळेल. माझे वडील एका फिरत्या सर्कशीत तंबूचे मुकादम होते. मी अठराव्या वर्षापासून नऊ वर्षं झुल्यावर खेळले. खांदा गेल्यावर खाली उतरले आणि गेली बावीस वर्षं मुलींना मल्लखांब शिकवते. त्या कंपनीत मी कधी काम केलेलं नाही, पण तिच्याबद्दल वाचणं, तिचे खेळ बघणं आणि आपल्याकडच्या सर्कशीशी ताडून बघणं हे मी वर्षानुवर्षं केलंय.

एक प्रसंग सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. आमच्या झुल्यावर अण्णा कॅचर होते. कॅचर म्हणजे गुडघ्यात झुला अडकवून उलटा लटकणारा आणि समोरून उडत येणाऱ्याची मनगटं पकडणारा. प्रेक्षक उडणाऱ्याला टाळ्या देतात, पण झुल्यावरच्या माणसाचा सगळा जीव कॅचरच्या हातात असतो. एका हंगामाच्या तोंडावर पगारावरून अण्णांचं मालकांशी बिनसलं. दुसऱ्या सकाळी ते, त्यांची बायको, दोन मुलगे आणि मेहुणी असे पाच जण ट्रंका घेऊन दुसऱ्या सर्कशीत निघून गेले. पाच माणसं गेली म्हणजे आमचा झुला गेला, सायकलीचा खेळ गेला आणि शिडीवरचा तोलही गेला. गावभर लावलेल्या पोस्टरांवर झुलाच होता. त्या संध्याकाळी मी रिंगणात उभी राहून वर बघत होते. झुला बांधलेला होता, जाळी ताणलेली होती, फक्त खेळ नव्हता. नवा कॅचर तयार व्हायला अडीच महिने लागले. तोवर मालकांनी काय काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय.

आपल्या सर्कशीत खेळ कलाकाराच्या अंगात असतो, त्याच्या कुटुंबात असतो. तो गेला की खेळ त्याच्याबरोबर जातो. युरोपातल्या जुन्या सर्कशींतही असंच होतं. सर्क द्यु सोलेयने ही घडी बदलली आणि खेळ कंपनीच्या मालकीचा केला. तिच्या वाढीचं मूळ मला तिथे दिसतं. तिला मोठा धोका झाला तोही त्याच वाटेने झाला.

आता सुरुवातीपासून. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सेंट लॉरेन्स नदीच्या काठी बे-सँ-पोल नावाचं छोटं गाव आहे. चित्रकारांचं, सुट्टीला येणाऱ्यांचं. १९८०च्या आसपास तिथल्या तरुणांच्या वसतिगृहाभोवती रस्त्यावर खेळ करणारी मंडळी जमली. जिल सेंत-क्रुआ हा उंच काठ्या पायाला बांधून चालणारा. त्याने काठ्यांवरून नाटक करणारी टोळी काढली. त्या टोळीसाठी पैसे हवे होते म्हणून १९८० साली तो बे-सँ-पोलपासून क्वेबेक शहरापर्यंत, म्हणजे जवळजवळ ९० किलोमीटर, काठ्यांवरून चालत गेला. बावीस तास लागले. काठ्यांवर अर्धा तास उभं राहून बघा, मांड्या आणि कंबर काय म्हणतात ते कळेल. त्याच टोळीत गी लालिबर्ते होता. १९५९चा जन्म, अकॉर्डियन वाजवणारा, तोंडातून आग काढणारा, शिक्षण अर्ध्यावर टाकून युरोपात रस्त्यावर वाजवत फिरून आलेला. आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र दानिएल गोत्ये, जो हिशेब सांभाळायचा. १९८२ मध्ये या मंडळींनी गावात रस्त्यावरच्या कलाकारांची जत्रा भरवली. कलाकारांनी खेळ करायचे, एकमेकांना शिकवायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांनाही शिकवायचं.

क्वेबेकमध्ये सर्कशीची परंपरा फारशी नव्हती. अमेरिकेतल्या सर्कशी यायच्या, खेळ करून जायच्या. पिढ्यान्‌पिढ्या झुला धरून बसलेली घराणी तिथे नव्हती. वरवर बघता ही उणीव वाटते, पण माझ्या मते याचा त्यांना फायदाच झाला. आमच्यासारखं ‘हा खेळ अमक्या घरचा’ असं म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं, त्यामुळे खेळ शाळेत शिकायची गोष्ट झाली. गी कारों या विदूषकाने एका जिम्नॅस्टिक्सच्या माणसाला सोबत घेऊन १९८१ मध्ये मोंट्रियलला राष्ट्रीय सर्कस शाळा सुरू केली. म्हणजे कंपनीच्या तीन वर्षं आधी शाळा उभी होती. बहुतेक लेखांत हा तपशील एका ओळीत उरकतात. मला तो फार मोलाचा वाटतो.

१९८४ साली फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिये कॅनडात उतरल्याला ४५० वर्षं झाली. त्या उत्सवासाठी क्वेबेक सरकारला गावोगाव फिरणारा कार्यक्रम हवा होता. लालिबर्तेने जाऊन प्रस्ताव मांडला आणि काम मिळवलं. नाव ठेवलं ‘सर्क द्यु सोलेय’, म्हणजे सूर्याची सर्कस. हवाईच्या समुद्रकिनारी सूर्यास्त बघताना हे नाव सुचलं असं तो सांगतो. सूर्य म्हणजे तारुण्य आणि जोम असा त्याचा अर्थ. १६ जून १९८४ला क्वेबेकमधल्याच गास्पे गावात पहिला खेळ झाला. तंबू निळा-पिवळा, ८०० लोक बसतील एवढा. आज आपल्याकडची बऱ्यापैकी सर्कससुद्धा याहून मोठा तंबू ठोकते.

आणि त्या नव्याकोऱ्या तंबूनेच त्यांना पहिला दणका दिला. युरोपातून आणलेला तंबू होता आणि तो उभारायचा अनुभव कुणाच्याच हाताला नव्हता. पावसाचं पाणी साचलं आणि तंबू कोसळला. हे वाचताना मला वडील आठवतात. आमच्याकडे पहिला थेंब पडला की वडील झोपेतून उठून आधी दोर ढिले करायला धावायचे. सुती दोर ओला झाला की आखडतो. ढिला केला नाही तर मेख उपटते नाहीतर कापड फाटतं. मग लांब बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून ते तंबूच्या पोटात साचलेलं पाणी आतून वर ढकलून बाहेर काढायचे. एका झोळात किती पाणी आहे हे त्यांना कापडाच्या आवाजावरून कळायचं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि त्या क्वेबेकच्या पोरांकडे तर असण्याचं कारणच नव्हतं. बरोबर घेतलेले युरोपियन कलाकार त्यांच्या नवखेपणावर इतके वैतागले की त्यांनी सरकारला पत्र लिहून तक्रार केली. तरीही तो दौरा पार पडला आणि पैशांच्या दृष्टीने सुखरूप पडला, कारण पाठीशी सरकारचं काम होतं.

पुढच्याच वर्षी कसोटी लागली. १९८५ मध्ये ते पहिल्यांदा क्वेबेकबाहेर, शेजारच्या ओंटारिओ प्रांतात गेले. तिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. टोरांटोत खुर्च्या रिकाम्या. सेंत-क्रुआ माकडाचा पोशाख चढवून रस्तोरस्ती फिरला, लोकांनी तंबूकडे यावं म्हणून. वर्षअखेर साडेसात लाख डॉलरचा तोटा. इथे कंपनी संपायला हवी होती. ती टिकली कारण त्यांच्या सहकारी बँकेने न वटलेल्या चेकांचा बोजा उचलला, जाहिरातीचं काम बघणाऱ्या दानिएल लामार यांनी पैसे मिळणार नाहीत हे माहीत असून काम केलं, आणि सरकारने आणखी एक वर्ष जगता येईल इतकं अनुदान दिलं. (हेच लामार पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले.) ‘एका आगखाऊ पोराने स्वप्न पाहिलं आणि जग जिंकलं’ अशी गोष्ट सांगतात, ती मला अपुरी वाटते. पोरात धमक होतीच. पण धमक असलेले मालक मी आपल्याकडेही पाहिलेत. त्यांच्या मागे अशी बँक आणि असं सरकार कधी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. आमच्या मालकांनी एका ओल्या हंगामात बायकोचे दागिने मोडले, आणि त्यावर्षीही मैदानाचं भाडं आगाऊच भरावं लागलं.

१९८५ पासूनच कंपनीचं रूप बदलायला लागलं. शाळा काढणारे गी कारों कलादिग्दर्शक म्हणून आले आणि त्यांनी फ्रँको द्रागोने या दिग्दर्शकाला आणलं. द्रागोने जन्माने इटालियन, वाढला बेल्जियमच्या कामगारवस्तीत, आणि नाटकातून आलेला. त्याने सर्कशीकडे नाटकवाल्याच्या नजरेने बघितलं. आमच्याकडे खेळांची माळ असते. सायकल, मग जोकर, मग दोर, मग जोकर, मग झुला. खेळ बदलायचा तेवढ्या वेळेत रिंगण झाडायला आणि सामान लावायला जोकर हवा. द्रागोनेने माळेचा दोरा बदलला. सगळा प्रयोग एकच जग मानायचं. पात्रं तीच राहतात, सामान हलवणारी माणसंसुद्धा पात्रं असतात, निवेदक नाही, रिंगमास्टर नाही. संगीत रने द्युपेरे या संगीतकाराने खास त्या प्रयोगासाठी रचलेलं आणि रोज प्रत्यक्ष वाजवलेलं.

संगीताबद्दल थोडं थांबते. आमच्या बँडवर गाजलेली सिनेमाची गाणी वाजायची आणि खेळ गाण्याच्या मापात बसवावा लागायचा. उडी चुकली की गाणं पुढे निघून जायचं आणि दुसरा प्रयत्न ढोलाच्या नुसत्या थरथरीवर करावा लागायचा. त्यांच्याकडे बँडप्रमुखाचा डोळा कलाकारावर असतो. उडी चुकली तर तो तेच आवर्तन पुन्हा फिरवतो आणि उडी साधली की समेवर येतो. आपल्या तबलजीला हे नवं वाटणार नाही. पण वीस फुटांवर लटकलेल्या माणसाला खाली कुणीतरी आपली वाट बघतंय हे कळणं म्हणजे काय, ते मी सांगू शकते. दुसऱ्या प्रयत्नात हात थरथरत नाहीत.

प्राणी त्यांनी आणलेच नाहीत. रस्त्यावरून आलेल्या टोळीकडे सिंह कुठून असणार? यात भूतदया किती आणि व्यवहार किती हे तोलत बसायची गरज नाही. परिणाम बघा: खाणं नाही, पिंजरे नाहीत, माहूत नाहीत, सीमा ओलांडताना कागदपत्रांचा घोळ नाही. आपल्याकडे वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवरची बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ती योग्यच होती, मी पिंजऱ्यांशेजारी राहिले आहे. पण अर्धा कार्यक्रम एका फटक्यात गेला आणि त्या जागी काय ठेवायचं याची तयारी कुणी करून ठेवलेली नव्हती. त्यांनी तो प्रश्न सोळा-सतरा वर्षं आधी, स्वतःहून सोडवायला घेतला होता.

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कलामहोत्सवाचं बोलावणं आलं. महोत्सवाकडे त्यांना द्यायला पुरेसे पैसे नव्हते. लालिबर्तेने तिकिटांचं उत्पन्न आणि महोत्सवाच्या सुरुवातीची जागा मागितली आणि होतं नव्हतं ते पणाला लावून सामान तिकडे नेलं. खेळ पडला असता तर परत यायला इंधनाचेही पैसे नव्हते, असं तो नंतर सांगत आला. प्रयोगाची सुरुवात अशी होती की साध्या कपड्यांतली सामान्य माणसं रिंगणात शिरतात आणि बघता बघता त्यांचं रूप पालटतं. तो खेळ उचलला गेला. हॉलिवूडची माणसं रांगेत उभी राहिली. तिथून पुढे अमेरिका त्यांची झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि युरोपही झाले. तो काळ मी भराभर सोडते, कारण खरी उडी लास वेगासला होती.

२५ डिसेंबर १९९३ला लास वेगासच्या ट्रेझर आयलंड हॉटेलात ‘मिस्तेर’ सुरू झाला. पहिल्यांदाच त्यांना कायमचं, फक्त त्यांच्यासाठी बांधलेलं नाट्यगृह मिळालं. आधी दुसऱ्या एका बड्या कसिनोने ही कल्पना जोखमीची म्हणून नाकारली होती. हॉटेलमालक स्टीव्ह विन याने ती उचलली. प्रेक्षक रोज नवे, कारण गावच पाहुण्यांचं. म्हणजे सर्कशीने गावोगाव जायची गरज उरली नाही, गावं सर्कशीकडे येऊ लागली. ‘मिस्तेर’ तीस वर्षांहून जास्त चाललाय. पहिल्या दिवशी उडणारे आज साठीच्या घरात असतील, पण प्रयोग मात्र तरुण आहे. इथे माझा मूळचा प्रश्न येतो. कॅचर बदलला तरी झुला थांबला नाही.

हे कसं साधलं? एक कारण यंत्रणा. १९९८ मध्ये बेलाजिओ हॉटेलात ‘ओ’ सुरू झाला, पाण्याचा खेळ. फ्रेंचमध्ये पाण्याला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘ओ’. रंगमंचाच्या जागी सुमारे ५७ लाख लिटरचा तलाव, आणि पाण्याखालचा मजला वर-खाली होणारा. आत्ता जिथे माणूस उंचावरून सूर मारतो, थोड्या वेळाने तिथेच दुसरा माणूस कोरड्या पायांनी चालतो. पाण्याखाली पाणबुडे थांबलेले, कलाकाराला हवा देण्यासाठी. असा खेळ कुठलं घराणं ट्रंकेत भरून नेणार? खेळ इमारतीत गुंतलेला, आणि इमारतीचा करार कंपनीशी.

दुसरं कारण माणसं निवडायची आणि घडवायची पद्धत. त्यांचे बरेच कलाकार सर्कस घराण्यातले नसून जिम्नॅस्टिक्स, ट्रॅम्पोलिन, सूर मारणं अशा स्पर्धांतून आलेले. सोव्हिएत संघ विरघळल्यावर तिथले उत्तमोत्तम खेळाडू कामाच्या शोधात होते, तेही मोठ्या संख्येने आले. स्पर्धेतल्या खेळाडूला शरीर असतं, शिस्त असते, पण प्रेक्षकाकडे बघता येत नाही. तो परीक्षकाकडे बघतो. ते बदलण्यासाठी मोंट्रियलच्या सँ-मिशेल भागात, जुन्या दगडखाणीशेजारी, त्यांनी १९९७ मध्ये मुख्यालय बांधलं. सरावाच्या उंच खोल्या, शिवणघर, चपलांचं काम, रंगाचं काम, सगळं एका छताखाली. नव्या माणसाच्या डोक्याचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचे. पुढे स्कॅन करून घेऊ लागले. त्या साच्यावर टोपी आणि मुखवटा बेततात, म्हणजे माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी त्याची नवी टोपी नेमकी बसते. शेल्फावर ओळीने मांडलेली ती पांढरी डोकी मी फोटोत पाहिलीत. प्रत्येक कलाकार स्वतःची रंगभूषा स्वतः करायला शिकतो. एका पात्राची एकच रेखाकृती ठरलेली असते आणि तीच नव्या चेहऱ्यावर उतरवायची. त्यामुळे आतला माणूस बदलला तरी प्रेक्षकाला पात्र तेच दिसतं.

भाचीला हे नीट समजावून सांगा. त्या कंपनीत हजारो लोक तिला बघतील, पण तिचं नाव फार थोड्यांना कळेल. आमच्या तंबूत लाउडस्पीकरवर नाव पुकारायचे आणि गावातल्या बायका दुसऱ्या दिवशी बाजारात ओळखायच्या. त्यांच्याकडे पगार वेळेवर, डॉक्टर, फिजिओ, विमा, पण पात्र कंपनीचं. काही मुलींना हे सुखाचं वाटतं, काहींना आतून खातं. माझा स्वतःचा कौल वेळेवर पगाराच्या बाजूने आहे. खांदा गेला तेव्हा माझ्या हातात नाव होतं आणि शस्त्रक्रियेला पैसे नव्हते.

आपल्याकडेही सुरुवात काही कमी दर्जाची नव्हती. १८७९ मध्ये कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून कुरुंदवाड संस्थानातले घोड्यांचे जाणकार विष्णुपंत छत्रे यांनी पुढच्या वर्षी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. विष्णुपंत तरुणपणी गाणं शिकायला ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गेलेले, आणि पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ त्यांच्या सर्कशीबरोबरच फिरले. म्हणजे तंबूत उत्तम संगीत आणायची समज आपल्या पहिल्याच मालकाला होती! त्यांचा तंबू केरळात थलश्शेरीला गेला तेव्हा तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हीकन्नन त्यांना भेटले, आणि १९०१ मध्ये त्यांनी तिथे सर्कसचं शिक्षण सुरू केलं. मराठी मालक, मल्याळी गुरू. पुढच्या शतकभराची भारतीय सर्कस या जोडीतून आली. शाळा होती, खेळाडू होते, मल्लखांबासारखी जगात दुसरीकडे नसलेली विद्या होती. पण शिकलेला खेळाडू खेळ घेऊन जिकडे पगार जास्त तिकडे जायचा, आणि मालकाकडे शेवटी उरायचा तो तंबू. तंबू दर काही वर्षांनी कुजतो.

आता कंपनीच्या दुसऱ्या बाजूकडे येते, कारण तुम्ही घरचे आहात, तुम्हाला ते माहीत हवं. जून २०१३ मध्ये लास वेगासच्या ‘का’ या प्रयोगात एक अनुभवी कलाकार उंचावरून पडून गेली. कंपनी सुरू झाल्यापासून प्रयोग चालू असताना झालेला तो पहिला मृत्यू होता. मार्च २०१८ मध्ये फ्लोरिडात हवेतल्या पट्ट्यांवर खेळणारा कलाकार पडून गेला. जगातली उत्तम सुरक्षा असूनही हे होतं. आमच्याकडे अशा गोष्टींची नोंदसुद्धा धड होत नाही, तिथे चौकशी होते आणि दंड होतो. फरक आहे, पण उंची तीच असते.

पैशांचं सांगते. २०००च्या सुमाराला गोत्येचा हिस्सा लालिबर्तेने विकत घेतला. २०१५ मध्ये लालिबर्तेने बहुतांश हिस्सा अमेरिकेतल्या टीपीजी या गुंतवणूक कंपनीला विकला. सोबत चीनची फोसुन आणि क्वेबेकचा पेन्शन निधी. अशा खरेदीत कर्जाचा मोठा वाटा असतो आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. पुढे त्यांनी दुसऱ्या करमणूक कंपन्याही विकत घेतल्या, कर्ज आणखी चढलं. मार्च २०२० मध्ये साथीमुळे एकाच वेळी ४४ प्रयोग बंद झाले. ४,६७९ माणसांना, म्हणजे ९५ टक्के लोकांना, घरी बसवलं. कर्ज जवळपास ९० कोटी डॉलर. जूनअखेर कंपनीने न्यायालयात धनकोंपासून संरक्षण मागितलं आणि नोव्हेंबरमध्ये धनकोंनीच ती ताब्यात घेतली. तुम्ही ऐकलंत ते हेच. २०२१च्या उन्हाळ्यात ‘मिस्तेर’ आणि ‘ओ’ पुन्हा सुरू झाले, आणि आज कंपनी चालू आहे.

या घटनेचा मला सगळ्यात जास्त विचार करावासा वाटतो. खेळ कंपनीचा केला म्हणूनच तो विकता आला. अण्णा झुला अंगात घेऊन गेले तेव्हा आमचे मालक रडले, पण अण्णांचा झुला कुणाकडे गहाण पडला नव्हता. सर्क द्यु सोलेयचा खेळ गहाण पडला. बंद झाल्यावर कलाकारांच्या हातात करार होता, पण स्वतःचा म्हणावा असा खेळ अनेकांकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता ते छोट्या कार्यक्रमांत, क्रूझवर, शाळांत पुन्हा उभे राहिले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचा ‘बझार’ हा नवा प्रयोग जगात पहिल्यांदा मुंबईत, बीकेसीच्या मैदानावर झाला. मी माझ्या सात मुलींना घेऊन गेले होते. प्रयोगात मल्लखांब होता. खांबावर तोच मुंबईचा घाट, तोच दसरंगाचा डाव. शेजारच्या खुर्चीवरची माझी एक विद्यार्थिनी कुजबुजली, “ताई, तेल लावलंय का हो?” मी खांबावरची चमक बघत होते. एरंडेल लावलेल्या सागावर उजेड वेगळा पडतो आणि मांडी सरकते तो आवाजही वेगळा असतो. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जे वर आणलं, ते मोंट्रियलच्या रंगभूषेत समोर उभं होतं आणि बीकेसीच्या तंबूत आमच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तो खेळ त्या कंपनीने शिकवलेला नव्हता. तो इथल्या आखाड्यातून गेलेला होता. त्या रात्री ट्रेनमध्ये मुलींना मी तेवढंच सांगितलं.

म्हणून भाचीसाठी: तिने जरूर प्रयत्न करावा. कंपनी व्हिडिओ मागवून निवड करते. व्हिडिओत गाणं, धूर, संपादनाची करामत काही नको. एकाच चौकटीत, न तोडता, चढण्यापासून उतरण्यापर्यंत सगळं दिसू दे. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातली दोरीची पकड जवळून दिसेल असा एक तुकडा वेगळा घ्या, बाहेरच्या माणसाला ही पकड माहीत नसते आणि तिथेच तो थांबतो. चेहरा दिसला पाहिजे, नजर वर. अठरा पूर्ण होईपर्यंत घाई करू नका. त्याआधी दोन्ही खांदे चांगल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या आणि जुना मार असेल तर तो लपवू नका.

करार हातात आला तर तीन गोष्टी विचारा: दुखापत झाली तर घरी परतेपर्यंतचा खर्च कुणाचा, प्रयोग मध्येच बंद झाला तर किती आठवड्यांचा पगार, आणि तिने स्वतः बसवलेली रचना करार संपल्यावर तिला दुसरीकडे करता येईल की नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. दरम्यान तिच्या सरांना विचारून रोज पाऊण तास तिने स्वतःची अशी एक रचना बसवायला घ्यावी, स्पर्धेच्या नियमांना सोडून, तिच्या आवडीच्या एखाद्या बंदिशीवर. व्हिडिओ तीन-चार महिन्यांनी काढा. मला दाखवलात तर पकड कुठे सुटते ते बघून सांगेन.